स्तोत्रांतून प्रार्थना: स्तवन, गाऱ्हाणे आणि देवाला धरून राहणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या प्रार्थनागटात दर आठवड्याला स्तोत्रसंहिता, म्हणजे पवित्र शास्त्रातले (बायबलमधले) स्तोत्रांचे पुस्तक, उघडली जाते. प्रार्थना संपून चपला घालताना, कधी रात्री फोनवर, माणसे काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. मी पाळक नाही, मंडळीतला (चर्चमधला) एक साधा सभासद आहे. पण स्तोत्रांनी मला देवाजवळ टिकवून ठेवले आहे, आणि तुम्हालाही ती टिकवतील अशी माझी खात्री आहे.

स्तोत्रांतून प्रार्थना करायची म्हणजे नेमके काय करायचे?

स्तोत्रातले "मी" आणि "तू" आपल्या तोंडी घ्यायचे. पवित्र शास्त्राच्या पुष्कळ भागांत देव माणसाशी बोलतो, किंवा देवाने काय केले ते सांगितलेले असते. स्तोत्रसंहितेत माणूस देवाशी बोलतो, आणि ते माणसाचे बोलणेच देवाचे वचन म्हणून आपल्या हाती आले आहे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने मार्सेलिनस नावाच्या स्नेह्याला स्तोत्रांविषयी एक पत्र लिहिले. वाचणाऱ्याला स्तोत्रात आपलाच जीव आरशासारखा दिसतो आणि तिथले शब्द त्याचे स्वतःचे होतात, असे त्याने त्यात समजावले आहे. सोळाशे वर्षांनंतरही याहून चांगले मला सांगता येणार नाही.

२३ वे स्तोत्र घ्या, कारण ते बहुतेकांना तोंडपाठ असते. पहिल्या तीन वचनांत देवाबद्दल बोलणे चालले आहे: तो मेंढपाळ, तो हिरव्या कुरणांत बसवतो, तो संथ पाण्याजवळ नेतो. चौथ्या वचनात अंधाराची दरी येते आणि तिथेच "तो"चा "तू" होतो: कारण तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस दरीत शिरल्यावर देवाशी बोलू लागतो. तुम्ही वाचताना इथे थांबा. आपल्या दरीचे नाव घ्या: तपासणीचा रिपोर्ट, मुलाची गेलेली नोकरी, भावाशी चाललेला कोर्टातला दावा, जे असेल ते. मग "तू माझ्याबरोबर आहेस" हे पुन्हा म्हणा. झाली प्रार्थना.

सुरुवात कुठून करावी? आवडती निवडून वाचावीत की ओळीने?

ओळीने वाचावीत, असे माझे ठाम मत आहे. निवडून वाचणारा माणूस दहा-बारा स्तोत्रांतच फिरत राहतो: २३, ९१, १०३, १२१. ही स्तोत्रे मोठीच आहेत, पण आपली आजची मनःस्थिती ज्यांना पसंत करते तेवढीच स्तोत्रे त्यामुळे आपल्याला भेटतात. ओळीने वाचताना सुखाच्या दिवशी रडण्याचे स्तोत्र येते. मग आपण त्या दिवशी रडणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी ते म्हणतो. दुःखाच्या दिवशी जयघोषाचे येते, आणि मंडळीचा आनंद आपल्याला आधार देतो.

एकूण स्तोत्रे १५०. रोज एक घेतले तर पाच महिन्यांत पूर्ण होतात. इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सकाळ-संध्याकाळ अशी वाटणी करून ती महिन्याभरात संपवली आहेत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट याने आपल्या मठवासीयांना आठवड्यात सर्वच्या सर्व म्हणण्याचा नियम घातला, आणि आपले पूर्वज एका दिवसात म्हणत असत याचीही आठवण करून दिली. कॅथलिक मंडळीच्या आजच्या नित्यप्रार्थनेत चार आठवड्यांचे चक्र असते. घरसंसार आणि नोकरी सांभाळणाऱ्याने रोज एक घ्यावे. ११९ वे १७६ वचनांचे आहे. त्याची आठ-आठ वचनांची बावीस कडवी आहेत, ती रोज एक अशी घ्या.

मोठ्याने वाचायलाच हवे का?

शक्य असेल तर हो. ही गाण्यासाठी रचलेली आहेत. अनेकांच्या माथ्यावर "मुख्य गवयासाठी" असे लिहिलेले असते. नुसत्या डोळ्यांनी वाचताना आपण घाईने पुढे सरकतो. आवाज काढला की श्वास लागतो, आणि श्वासाबरोबर गती उतरते. घरात सगळे झोपलेले असतील तर ओठ हलवले तरी पुरे.

मन कोरडे असते. अशा वेळी "परमेश्वराचा धन्यवाद कर" म्हणणे ढोंग नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारे सहसा मंडळीतले प्रामाणिक लोक असतात.

१०३ वे स्तोत्र कोणाला उद्देशून सुरू होते ते पाहा: "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर." गाणारा आपल्याच जिवाला हाक मारतो आहे. जीव आपणहून स्तुती करत असता तर त्याला सांगावे लागले नसते. पुढे तो उपकार विसरू नकोस म्हणतो आणि एक एक आठवून देतो: क्षमा, आरोग्य, विनाशापासून सोडवणूक, दया, तृप्ती. त्याला आत्ता काय वाटते आहे याचा त्या यादीत उल्लेख नाही. स्तुती तिथे आठवणीवर उभी आहे.

४२ व्या आणि ४३ व्या स्तोत्रांत हे आणखी उघड होते. रात्रंदिवस आसवेच त्याचे अन्न झाली आहेत आणि लोक "तुझा देव कुठे आहे" म्हणून टोचत आहेत. तो पूर्वी सणाच्या दिवशी समुदायाबरोबर देवाच्या मंदिराकडे कसा जात असे ते आठवतो, आणि आठवणीने आणखीच व्याकूळ होतो. दोन्ही स्तोत्रे मिळून तीन वेळा एकच ध्रुवपद येते: जिवा, तू का खिन्न झालास, देवाची आशा धर, मी पुन्हा त्याचे स्तवन करीन. "करीन" म्हणतो, "करतो आहे" म्हणत नाही. आज स्तुती येत नाही हे तो लपवत नाही आणि ती कधीच येणार नाही असेही म्हणत नाही. एकनिष्ठा म्हणजे काय असे कोणी मला विचारले तर मी हे एक वाक्य दाखवतो.

म्हणून कोरड्या दिवशी शब्द म्हणा. भावना मागून आल्या तर देवाची कृपा, नाही आल्या तरी तुम्ही खोटे बोललेला नसता. तुम्ही आपल्या जिवाला वळवत असता. ढोंग वेगळे असते: आत देवावर राग धुमसत असताना लोकांनी पाहावे म्हणून हात उंच करणे. त्या रागासाठीही स्तोत्रसंहितेत जागा आहे, तिकडेच वळू.

देवाकडे तक्रार करणे हा अविश्वास नाही का?

तसे असते तर स्तोत्रसंहितेचा मोठा भाग फाडून टाकावा लागेल. तिच्यातला सर्वांत मोठा गट विलापाचा आहे. १३ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत "कोठवर" हा सवाल चार वेळा येतो. ४४ व्या स्तोत्रात सगळी प्रजा म्हणते की आम्ही तुला विसरलो नाही, तुझा करार मोडला नाही, तरी हे आमच्यावर आले. मग पुढे सरळ, प्रभो, जागा हो, का झोपलास? आपल्या प्रार्थनासभेत कोणी असे बोलले तर शेजारचा त्याचा हात दाबेल. पण देवाने हे शब्द आपल्या ग्रंथातून काढले नाहीत.

गाऱ्हाणे ज्याच्यापुढे घालतो त्याच्यावर आपला हक्क आहे असे आपण मानलेले असते. ज्याने देवाला सोडले तो तक्रारही करत नाही. तो गप्प होतो किंवा इतरांना सांगत सुटतो. विलाप करणारा मात्र पाठ फिरवत नाही, तोंड देवाकडे ठेवून बोलतो. मराठी माणसाला हे नाते लवकर कळायला हवे. पांडुरंगाशी हट्टाने भांडणारे, त्याला जाब विचारणारे अभंग ऐकतच आपण वाढलो आहोत. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तुकारामांच्या अभंगांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आले हे ते स्वतःच सांगत, आणि त्यांच्या प्रार्थनागीतांत ही सलगी जागोजागी ऐकू येते.

विलापाच्या स्तोत्रांची एक चाल बहुतेक ठिकाणी सापडते. आधी देवाला हाक. मग दुखणे, काहीही न झाकता. मग मागणे. मग एखादा "तरी": तरी मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. आणि शेवटी स्तवनाचे वचन. १३ वे स्तोत्र अवघ्या सहा वचनांत हा सगळा प्रवास करते. संकट संपल्याची बातमी त्यात कुठेच नाही, तरी ते गाण्यावर संपते.

पण हा साचा करून कोणावर लादू नका. ८८ वे स्तोत्र वाचा. हेमानाचे म्हटले जाणारे हे स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. तिथे "तरी" येत नाही, गाण्याचे वचन येत नाही. मित्र आणि सोबती दुरावले, उरला तो काळोख. आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या फक्त हेच स्तोत्र वाचत. तेराव्या वचनापाशी त्यांचे बोट थांबायचे: सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. त्या म्हणत, "एवढेच मला जमते, सकाळी त्याच्यापुढे येणे." भेटायला येणारी काही मंडळी त्यांना हालेलूया म्हणायचा आग्रह करत. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते पाहवत नसे. ज्या घरातून नुकतीच मयत निघाली आहे तिथे १५० वे स्तोत्र घेऊन जाऊ नये. ८८ वे न्यावे, १३० वे न्यावे, किंवा गप्प बसावे.

दुष्टांची भरभराट पाहून विश्वास डळमळतो. यावर कोणते स्तोत्र आहे?

मंदिरातला गायक आसाफ याचे ७३ वे. आपले पाय जवळजवळ घसरले होते, हे तो सुरुवातीलाच सांगतो. गर्विष्ठांचे शरीर धष्टपुष्ट, त्यांना ना दुखणे ना चिंता. मग मी माझे मन शुद्ध राखले ते फुकटच का? सतराव्या वचनात तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि तिथे त्याची दृष्टी बदलते. बाहेर काहीच बदललेले नसते. पुढे तो आपल्या कडवटपणाबद्दल स्वतःला पशूसारखा अडाणी म्हणतो आणि लगेच पुढे: तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरला आहेस. कोणी कोणाला धरले आहे ते नीट पाहा. आपली पकड सैल झाली तरी त्याची होत नाही. लाच न दिल्यामुळे काम अडलेल्या, खरे बोलल्यामुळे बदली झालेल्या माणसाने हे स्तोत्र पाठच करावे.

शत्रूंना शाप देणारी स्तोत्रे ख्रिस्ती माणसाने म्हणावीत का?

येशूने वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितले, आणि इथे १०९ वे स्तोत्र वैऱ्याची मुले अनाथ होवोत म्हणते, १३७ वे बाबेलच्या तान्ह्या मुलांविषयी जे म्हणते ते उच्चारतानाही जीभ अडखळते. यावर मंडळीतही एकमत नाही. कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर नित्यप्रार्थना नव्याने बांधली तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे व इतर स्तोत्रांतली काही वचने वगळली. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा न बोलता पान उलटले जाते.

मी ती वगळत नाही. १३७ वे स्तोत्र कोणाच्या तोंडचे आहे ते आधी ध्यानात घ्यावे लागते. यरुशलेम जळाले, मंदिर पाडले गेले, लोकांना बांधून बाबेलला नेले, आणि वर नेणारेच म्हणत आहेत की तुमच्या सीयोनाचे, म्हणजे यरुशलेमाचे, एखादे गाणे गाऊन दाखवा. शेवटच्या वचनातला संताप ज्यांची लेकरे त्यांच्यादेखत मारली गेली त्यांचा आहे. तो संताप ते हातात शस्त्र घेऊन बजावत नाहीत, देवापुढे ओततात. सूड घेणे माझ्याकडे आहे असे प्रभू म्हणतो, हे पौलाने रोमकरांना लिहिले. ही स्तोत्रे सूड देवाकडेच सोपवून मोकळी होतात.

म्हणून कोणा ओळखीच्या माणसाचे नाव मनात धरून १०९ वे म्हणू नका. सासूवर, भावजयीवर, साहेबावर ते स्तोत्र रोखणे म्हणजे पवित्र शास्त्र हाती घेऊन करणी करण्याजोगे आहे. ज्यांच्यावर खरोखर अत्याचार झाला आहे, ज्यांना बोलायला तोंड उरले नाही, त्यांच्या वतीने म्हणा. आणि आपल्या मनात द्वेष आहे असे दिसले तर तो देवाला दाखवा. लपवलेल्या द्वेषापेक्षा देवापुढे ठेवलेला द्वेष बरा होण्याची आशा जास्त.

९१ वे स्तोत्र दारावर लावले, उशाखाली ठेवले तर संरक्षण मिळते का?

आपल्या घरांतून हे फार दिसते. दाराच्या चौकटीवर चौकटबंद ९१ वे, गाडीच्या काचेवर त्याच्या ओळी, आजारी बाळाच्या उशाखाली पवित्र शास्त्र त्याच पानावर उघडे. माझ्या ओळखीच्या एका आजींच्या शास्त्रात ते पान तेलकट बोटांनी पारदर्शक झाले आहे. मागच्या पानाची अक्षरे पुढे दिसतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला नितांत आदर आहे, कारण त्या ते पान वाचतात.

पण ताईत म्हणून त्याचा उपयोग करू पाहणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. शुभवर्तमानात हे स्तोत्र सैतानाच्या तोंडी येते. मंदिराच्या शिखरावर उभे करून तो येशूला म्हणतो, उडी टाक, कारण देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल असे लिहिले आहे. वचन खरेच तसे आहे. येशूने मात्र उडी टाकली नाही; देवाची परीक्षा पाहू नको, असे तो म्हणाला. आणि पुढे तो वधस्तंभावर गेला. ९१ व्या स्तोत्राने त्याला मरणापासून वाचवले नाही. मरणातून बाहेर काढले.

त्याच स्तोत्राच्या पंधराव्या वचनात देव म्हणतो की संकटसमयी मी त्याच्याबरोबर असेन. म्हणजे संकटसमय येणार हे स्तोत्रानेच धरून चालले आहे. चौकट खुशाल लावा. रोज तिच्याखालून बाहेर पडताना एक वचन म्हणा. आणि घरात अपघात झाला, कोणी दगावले, तर "आमचा विश्वास कमी पडला" असे स्वतःला छळू नका.

इस्राएलाचा राजा दावीद याने व्यभिचार केला, माणूस मारवला. त्याच्या शब्दांत प्रार्थना का करायची?

मूळ इब्री शीर्षकांप्रमाणे ७३ स्तोत्रांवर दाविदाचे नाव आहे. बाकी आसाफ, कोरहाचे पुत्र, शलमोन, मोशे, हेमान, एथान यांच्या नावे आहेत आणि कितीतरी निनावी आहेत.

५१ व्या स्तोत्राचे शीर्षक तर त्याचा अपराध जाहीरच करते: बथशेबा या परस्त्रीपाशी गेल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचे हे स्तोत्र. राजाची बदनामी मंदिराच्या गीतपुस्तकात कायमची नोंदली गेली. तो सबबी सांगत नाही. शुद्ध हृदय मागतो, आणि मग म्हणतो, हे प्रभो, माझे ओठ उघड, म्हणजे माझे मुख तुझी स्तुती वर्णील. शतकानुशतके मठांमध्ये दिवसाची पहिली प्रार्थना याच वाक्याने सुरू होते. पापाने ओठ बंद होतात. देवच ते उघडतो. सकाळची स्तुती पश्चात्तापाच्या स्तोत्रातून निघावी हे मला फार खरे वाटते.

६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३ ही सात स्तोत्रे मंडळीत पश्चात्तापाची म्हणून ओळखली जातात. संत ऑगस्टीन इ.स. ४३० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरात मरणपंथाला लागला होता, बाहेर व्हॅन्डल सैन्याचा वेढा होता. त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून घेऊन बिछान्यासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली आणि पडल्या पडल्या ती वाचत तो रडत असे. एवढा मोठा धर्मगुरू शेवटी दाविदाचेच शब्द मागतो. आपण तर मागावेतच.

येशूने स्वतः स्तोत्रे म्हटली का?

हो. शेवटच्या भोजनानंतर गीत गाऊन ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे मत्तय आणि मार्क सांगतात. वल्हांडण या यहुदी सणाच्या जेवणात ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हणण्याची यहुदी रीत आहे, त्यामुळे ते गीत त्यांपैकीच असावे असे मानले जाते. काही तासांत आपल्याला धरणार हे माहीत असताना प्रभू गात होता.

वधस्तंभावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२ व्या स्तोत्राचे पहिले वचन त्याच्या मुखात आहे, आणि लूकच्या शुभवर्तमानात शेवटचा उद्गार ३१ व्या स्तोत्रातला: तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो. २२ वे पुढे वाचत गेलात तर बाविसाव्या वचनापासून ते मंडळीतल्या स्तवनात बदलते. इब्री लोकांस पत्रात ते वचन ख्रिस्ताच्या तोंडी घातले आहे. आपण स्तोत्र म्हणतो तेव्हा एकटे म्हणत नाही, त्याच्या मागून म्हणतो.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट प्रतींत क्रमांक वेगळे का दिसतात?

जुन्या ग्रीक आणि लॅटिन परंपरेत ९ आणि १० मिळून एक स्तोत्र मोजले जाते, त्यामुळे तिथून पुढे क्रमांक एकाने मागे राहतो. मेंढपाळाचे स्तोत्र तिथे २२ वे आणि दाविदाच्या पश्चात्तापाचे ५० वे. शेवटची तीन पुन्हा जुळतात. मजकूर तोच आहे.

मधेच "सेला" लिहिलेले असते, ते वाचायचे का?

वाचू नका, तिथे क्षणभर थांबा. गायन-वादनासाठीची ती सूचना असावी.

कोणते मराठी भाषांतर घ्यावे?

ज्यातून तुमची आई प्रार्थना करत असे ते. बहुतेकांसाठी ते बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र असते. त्याची भाषा जुन्या वळणाची आहे, पण पाठ करायला आणि मोठ्याने म्हणायला तीच सोयीची. अर्थ अडला की सोपे भाषांतर शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षे इब्री आणि ग्रीकमधून संपूर्ण शास्त्र मराठीत आणण्यात घालवली आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. साध्या बायाबापड्यांना समजावे हा त्यांचा ध्यास होता. आपल्या हाती मराठी शास्त्र आहे, हेही धन्यवादाचे एक कारण आहे.

स्तोत्रे मराठी चालीवर गाता येतील का?

नक्की. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण या आपल्या मराठी काव्यासाठी ओवी निवडली, ते १६१६ मध्ये छापले गेले. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, भजन आणि कीर्तन मंडळीत आणले; आजही "उपासना संगीत" उघडले की त्यांची गीते पानोपानी भेटतात. टाळ, मृदंग, पेटी काढा. १५० व्या स्तोत्रात शिंग, सतार, वीणा, डफ, नृत्य, तंतुवाद्ये, बासरी, झांजा सगळे आहे. १३६ व्या स्तोत्रात सव्वीस वचने आणि प्रत्येकात देवाच्या सनातन दयेचे ध्रुवपद. एकाने पुढे म्हणावे, सर्वांनी मागून उचलावे, ही तर आपल्या भजनाचीच रीत. की-बोर्ड नसल्यामुळे स्तवन अडून राहिले असे कोणी म्हटले की मला वाईट वाटते.

आजाऱ्यापाशी, मरणाच्या दारी असलेल्यापाशी कोणते वाचावे?

आजाऱ्याला लांब स्तोत्र सोसत नाही. १२१ वे आठच वचनांचे आहे, इस्राएलाचा रक्षक झोपत नाही हे रात्री जागणाऱ्याला फार धीर देते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ४ थे, कारण ते निश्चिंत झोपेवर संपते. म्हाताऱ्या माणसासाठी ७१ वे: माझे केस पिकले तरी मला सोडू नको. शुद्ध हरपलेल्याच्या कानाशी २३ वे, सावकाश, तुम्हाला ज्या भाषांतरात पाठ आहे त्याच शब्दांत. ऐकू येत नसेल असे धरून चालू नका. ओठ हलताना मी पाहिले आहेत.

नेम मोडला तर राहिलेली स्तोत्रे भरून काढावीत का?

नाही. आज जे येते तेच घ्या. थकबाकी साठवली की माणूस प्रार्थना टाळू लागतो. ११९ वे स्तोत्र १७५ वचने देवाच्या नियमांवरची प्रीती गाते आणि शेवटच्या वचनात म्हणते, मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलो आहे, आपल्या दासाचा शोध कर. एवढी निष्ठा सांगणाऱ्यालाही शोधून आणावे लागते.

गटात मिळून म्हणायचे तर कसे?

दोन बाजूंना बसा. एका बाजूने एक वचन, दुसऱ्या बाजूने पुढचे. वचनाच्या मध्यावर छोटा विराम घ्या, सर्वांनी एकदम. कोणी आवाज चढवून पुढे पळू नये. गटातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या गतीने चाला. मधे थांबून अर्थ सांगू नका, त्याची वेळ नंतर येते. शेवटी पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव द्या. मग दोन मिनिटे शांतता, आणि ज्याला ज्या वचनाने धरले ते त्याने फक्त वाचावे, भाषण नको. त्यानंतर मध्यस्थीची प्रार्थना. पुढच्या वेळचे स्तोत्र उठण्याआधीच सांगून ठेवा. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना घरी नातवंडांकडून वाचून घेता येते.